अबोल वर्ग बोलका करताना

भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतील शाळांत पहिलीचा वर्ग पुष्कळदा अगदी शांत असतो. तपासणीस येणाऱ्यास ती शिस्त वाटते. वस्तुतः घरी माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलास मराठीतील प्रश्नच उमगलेला नसतो. ‘पाणी’ या शब्दापाशी अडलेले मूल ‘एर’ म्हणताच मान वर करते. अशा मुलास मंद ठरविणे हा त्याच्यावर अन्याय होय. पुढे तेच मूल शाळेपासून दुरावते. म्हणून आरंभी शिक्षकाने गावच्या भाषेचा विद्यार्थी व्हावे आणि शब्द शिकविण्याचा मान मुलांना द्यावा.

चैत्राच्या सुमारास पहाटे मोहफुले गळू लागली की हजेरी रोडावते. घरची मिळकत त्यांवर अवलंबून असल्याने मुलांना दोष देणे व्यर्थ आहे. त्याऐवजी एक किलो ओली फुले वर्गात तोलावीत, अंगणात वाळत घालावीत व रोज ठराविक वेळी पुन्हा तोलून आकडे फळ्यावर मांडावेत. वजन किती घटेल याचा अंदाज प्रत्येकाने आधीच लिहून ठेवावा. वजन गेले कोठे, हा प्रश्न मग मुलेच विचारतात. वजाबाकी, आलेख व बाष्पीभवन हे तिन्ही पाठ त्यातून निघतात. येथेच शिक्षकाची कसोटी आहे. उत्तर सांगून टाकण्याचा मोह त्याने तीन-चार दिवस आवरावयाचा असतो, आणि या मोहाला फुले येत नाहीत!

तेंदूच्या हंगामात सत्तर पानांचे पुडके बांधताना पाहिलेल्या मुलास सातचा पाढा नुसता घोकावयास लावणे असेच विपरीत आहे.

ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून आदिवासी मुलांसाठी कार्य केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाली. मूल येत नाही म्हणून शाळाच कुरणात गेली. सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही कृती व शोध यांतून शिकणे आणि शक्य तेथवर मातृभाषा हे माध्यम, ही तत्त्वे मान्य केली आहेत. मात्र टाळ्या, गाणी व धावपळ झाली म्हणजे अध्यापन कृतिशील झाले, असा समज नसावा. मुलाने विचार केला की नाही, एवढेच पाहावे.

द्विशिक्षकी शाळेत मोठी मुले तोलकाम करीत असता पहिलीच्या मुलांनी दहा-दहा फुलांचे ढीग लावावेत. फुले कोणाच्या घरून आली याची नोंद ठेवून वाळल्यावर ती परत करावीत. बाजारात त्यांना किंमत असते.