थंडीतील फरसबंदी : कामाच्या तारखा कशा आखाव्यात?

आपल्याकडे ठेकेदार पावसाळ्याचा हिशेब करून काम घेतो. मृगाच्या आत पाया वर आला पाहिजे, हे नवख्या गवंड्यालाही ठाऊक असते. काश्मीर खोऱ्यात हाच हिशेब थंडीचा करावा लागतो. अंगणाची फरशी, पदपथ, पायऱ्या, बागेच्या संरक्षक भिंती अशी उघड्यावरची कामे करणाऱ्या तेथील कारागिरांचे सारे गणित तारखांवर अवलंबून असते. थंड मुलखात काम घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या बांधवांनीही ते समजून घ्यावे.

खोऱ्यात २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडाक्याची थंडी असते. त्यापाठोपाठ २० दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. २१ डिसेंबर २०२४ रोजी श्रीनगरात पारा उणे ८.५ अंशांवर उतरला होता. मात्र बांधकामाला धोका त्याआधीच सुरू होतो, कारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच रात्री गोठू लागतात.

नेमके बिघडते काय?

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. थंडीत ही क्रिया मंदावते. पाणी गोठले की ती जवळजवळ थांबते आणि बर्फ झालेले पाणी सुमारे ९ टक्के फुगून ओल्या मालाला आतून फोडते. दिवसा चांगली दिसणारी फरशी वसंतात भुगा होऊन निघते. म्हणूनच भारतीय मानक ७८६१ (भाग २) मध्ये ५ अंशांखालील काँक्रीटच्या कामासाठी वेगळी काळजी सांगितली आहे. काँक्रीटमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३५ किलो इतकी ताकद येईपर्यंत ते गोठू देऊ नये. १० अंशांची ऊब राखल्यास चांगल्या मिश्रणाला त्यासाठी साधारण दोन दिवस लागतात.

कामाचे तीन भाग

पहिला भाग ओल्या कामाचा. पाया, काँक्रीट, चुनाई व दर्जा भरणे ही कामे ऑक्टोबरअखेर संपवावीत. खोदाई व भराव त्याआधीच व्हावा. गोठलेल्या जमिनीवर फरशी कधीही बसवू नये. बर्फ वितळला की जमीन खचते व फरशी वरखाली होते.

दुसरा भाग कोरड्या कामाचा. दगड घडणे, माप घेऊन तुकडे कापणे, छपराखाली जाळी वा कठडे तयार करणे ही कामे थंडीतही चालतात. पेव्हर ब्लॉक मात्र थंडीपूर्वीच ओतून, पाणी मारून तयार ठेवावेत. बर्फामुळे जम्मू-श्रीनगर रस्ता बंद पडतो, हे लक्षात घेऊन माल आधी भरावा. सिमेंट मात्र फार साठवू नये. तीन महिन्यांत त्याचा जोर कमी होतो.

तिसरा भाग वसंताचा. मार्चअखेरीस ट्यूलिप बाग खुली होते आणि हॉटेलवाल्यांना अंगण त्यापूर्वी हवे असते. अशा गिऱ्हाइकाला ऑक्टोबरपूर्वीच गाठून ओले काम उरकावे.

अगदीच नड असेल तर पाणी गरम करावे, दुपारी माल टाकावा आणि पेंढा व ताडपत्रीने झाकावा. लोखंड असलेल्या काँक्रीटमध्ये कॅल्शियम क्लोराइड टाकू नये, सळ्या गंजतात. या उपायांचा खर्च दरात आधीच धरावा.

करारात काय लिहावे?

पारा ५ अंशांखाली गेल्यास ओले काम थांबेल, ते दिवस मुदतीत मोजले जाणार नाहीत, हे स्पष्ट लिहून घ्यावे. झालेल्या कामाचे बिल थंडीपूर्वी वसूल करावे. त्या पैशातूनच हिवाळ्यात कारागिरांना रोजी देता येते. कारागीर टिकले तर मार्चमध्ये काम वेळेवर सुरू होते. ते पांगले तर नवे जमवण्यातच हंगाम जातो.

आपल्या विदर्भात गोठण्याची भीती नसली, तरी थंडीत काँक्रीट उशिरा घट्ट होते. सेंट्रिंग काढण्याची घाई तेथेही करू नये. गिऱ्हाईक घाई करील. पण फरशी उखडली की तेच गिऱ्हाईक तारीख विसरते आणि ठेकेदाराचे नाव लक्षात ठेवते.