दंडारीची पावले कोण जपणार?

दिवाळी सरते, धान घरात येऊ लागते आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज येथे नाट्यमंडळांच्या कार्यालयांत वर्दळ सुरू होते. गावोगावची मंडळे येतात, नाटक निवडतात, तारीख ठरवतात आणि प्रयोगाचा करार करून परततात. पुढे होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील गावांत रात्र-रात्र नाटके रंगतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील या वनप्रदेशाला ‘झाडीपट्टी’ म्हणतात. तिथली ही रंगभूमी पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकाहून पूर्णतः निराळी आहे.

या रंगभूमीचे मूळ दंडार या लोककलाप्रकारात आहे, असे मानले जाते. दंडारीत नृत्य, गायन आणि संवाद यांतून कथा सांगितली जाते. पात्रे पुरुषच, लुगडे नेसून स्त्रीभूमिकाही तेच वठवतात. ढोलकी आणि टाळ यांच्या साथीने नाचणाऱ्यांची पावले एका लयीत पडतात. ‘खडी दंडार’ नृत्यप्रधान असते, तर ‘परसंगी दंडारी’त एखादा प्रसंग किंवा आख्यान सादर केले जाते. पाश्चात्त्य जगात ज्याला बॅले म्हणतात, त्याचे सूत्रही नृत्यातून कथा सांगणे हेच आहे. दोहोंची घडण सर्वस्वी वेगळी असली, तरी त्यांच्यापुढील प्रश्न एकच आहे. नाचून सांगितलेली कथा टिकते कशी?

बॅलेच्या इतिहासात या प्रश्नाचे एक बोलके उत्तर सापडते. चायकोव्हस्कीच्या संगीतावरील ‘स्वान लेक’ १८७७ मध्ये मॉस्कोत प्रथम रंगमंचावर आले, तेव्हा त्याचे फारसे स्वागत झाले नाही. संगीतकाराच्या निधनानंतर, १८९५ मध्ये पेतिपा आणि इवानोव्ह यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे त्याची नव्याने मांडणी केली आणि तीच पुढे प्रमाण ठरली. त्या काळातील अनेक बॅलेंच्या पावलांची नोंद विशेष नृत्यलिपीत करण्यात आली होती. रशियन राज्यक्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्ह यांनी या वह्या देशाबाहेर नेल्या आणि त्यांच्याच आधारे १९३४ मध्ये लंडनच्या विक-वेल्स कंपनीने ‘स्वान लेक’ उभे केले. यावरून दिसते की, अशा कलाकृतीला तीन गोष्टी लागतात : प्रयोग करणारी मंडळी, त्यासाठी पैसे मोजणारा प्रेक्षक आणि पावले लक्षात ठेवून पुढच्या पिढीला देणारे कोणीतरी.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी झाडीपट्टीत विपुल आहेत. इथे नाट्यमंडळ स्वतः तिकिटे विकत नाही. गावचे मंडळ ठराविक रक्कम देऊन प्रयोग विकत घेते, मंडप घालते आणि तिकीटविक्रीची जोखीमही पत्करते. नफा उरला तर तो बहुधा गावाच्याच कामी येतो. प्रयोगाला निमित्त असते ते मंडईचे किंवा शंकरपटाचे. मंडई हा दिवाळीनंतर भरणारा मेळा. शेजारच्या गावांच्या तारखा शक्यतो वेगवेगळ्या ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येते. दिवसा मंडई, रात्री नाटक आणि त्यातच सोयरिकीच्या गोष्टी, असा हा क्रम असतो. रात्री दहाच्या पुढे उघडलेला पडदा पहाटेच पडतो. कलावंतांना रोज नवे गाव आणि अनेकदा वेगळे नाटक, त्यामुळे प्रॉम्प्टरवर मोठी भिस्त असते.

ही रचना भक्कम असली तरी अभेद्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा शंकरपट थांबले आणि त्यांच्या जोडीने होणाऱ्या नाटकांचे निमित्तही गेले. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात करोनाच्या साथीने प्रयोगांना खीळ घातली. तरीही रंगभूमी सावरली, कारण तिचा प्रेक्षक तिच्यापासून तुटला नव्हता. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली. सुमारे ८०० नाटकांतून त्यांनी ५ हजारांहून अधिक प्रयोग केले आहेत.

उणीव आहे ती तिसऱ्या गोष्टीची. नाटकाची संहिता लिहिलेली असते. दंडारीची पावले मात्र नाचणाऱ्याच्या अंगात असतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कलेचा अभ्यास करून तिची ओळख ग्रंथबद्ध केली. परंतु वर्णन वाचून पाऊल टाकता येत नाही. मंडळांच्या नाटकांत नृत्य आजही असते, पण ते पुष्कळदा दोन प्रवेशांमध्ये लोकप्रिय गाण्यावर केलेले असते. त्यातून कथा पुढे सरकत नाही. प्रेक्षकाला ते हवे असते, हे खरे. पण त्यामुळे दंडारीतील कथेशी बांधलेले नृत्य मागे पडते.

दंडारीशी नामसाम्य असलेली ‘दंडारी’ ही गोंड समाजाची वेगळी परंपरा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीचा डोंगराळ भाग आणि तेलंगणातील आदिलाबादचा परिसर येथे दिवाळीच्या सुमारास ती साजरी होते. मोरपिसांचे मुकुट धारण करणारे गुसाडी नर्तक हे तिचे वैशिष्ट्य. आदिलाबाद भागातील गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांनी अनेक तरुणांना हे नृत्य शिकवले होते. लिपीची उणीव गुरू भरून काढू शकतो, याचे हे जवळचेच उदाहरण.

वडशाच्या मंडळांकडे रंगमंच, वादक आणि रात्रभर बसून राहणारा रसिक आहे. जुनी नाटके ती पुन्हा पुन्हा नव्याने उभी करतात. एखादी परसंगी दंडार त्याच तयारीने, जाणत्या दंडारकरांना शिकवायला बोलावून, हंगामाच्या यादीत घेणे त्यांना अशक्य नाही. मात्र ते दंडारकर आता वयोवृद्ध होत आहेत. त्यांच्याकडून पावले शिकून घेण्याचे काम हंगामामागून हंगाम पुढे ढकलता येणार नाही.