फोन गेला तर आधी सिम, मग बाकीचं

आजचा एपिसोड छोटा आहे, पण कागद-पेन घेऊन ऐका. फोन हरवला, फुटला, किंवा फोन शाबूत आहे पण तो वापरणारा माणूस दवाखान्यात भरती आहे, तर त्याची खाती उघडायची कशी?

मी बोरी अरबचा, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. आमच्या दारव्हा तालुक्यात कास्तकाराचा फोन आता फक्त बोलायला राहिलेला नाही. सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर २०२५च्या हंगामापासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते, आणि माल कधी आणायचा तो स्लॉटही तिथेच बुक होतो. लॉगिन कशाने? मोबाईल नंबर आणि ओटीपी. पीएम किसानची ई-केवायसी घरून करायची तर ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो. ई-पीक पाहणी फोनवरच. आता ऐन वेचणीत तो फोन विहिरीत पडला, तर पासवर्ड आठवून काय करणार? यातल्या बहुतेक ठिकाणी पासवर्ड नाहीच. नंबर हीच किल्ली.

म्हणून पहिलं काम सिमचं. घरातलं प्रत्येक सिम कोणाच्या नावावर आहे ते विचारा. गावाकडे हमखास असं असतं की सिम काढलं पुतण्याच्या आधारवर आणि वापरतात काका. डुप्लिकेट सिम मात्र ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं. पुतण्या चाकणला कंपनीत असेल तर बसा वाट बघत. आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते ‘संचार साथी’वर दिसतं.

आणखी एक गोष्ट, जी फार जणांना माहीत नसते. डुप्लिकेट सिम चालू झालं तरी पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात. दूरसंचार विभागाचा नियम आहे, सिम-स्वॅपच्या फसवणुकीसाठी केलेला. चांगलाच नियम आहे, पण स्लॉट उद्याचा असेल तर तो एक दिवस महाग पडतो. चोरी झाली असेल तर हँडसेटच्या मागे नंतर लागा, आधी कंपनीला सांगून सिम बंद करा. चोर ते सिम दुसऱ्या फोनात टाकून तुमचे ओटीपी घेऊ शकतो.

आता गुगल. टू-स्टेप चालू असेल तर सिक्युरिटी सेटिंगमध्ये ‘बॅकअप कोड’ मिळतात. आठ अंकी १० कोड, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवणं म्हणजे किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप ओढून घेणं. आमच्याकडे तो कागद सातबारा आणि पासबुकांच्या पिशवीत आहे. ऑफिसमधले हसतात, पासवर्ड मॅनेजर का नाही म्हणून. माझ्यासाठी आहेच तो. पण बोरीच्या घरात हॅकर येत नाही, ती पिशवी उघडते आई, आणि तिला कागद वाचता येतो. व्हॉट्सॲपला सहा अंकी पिन लावला असेल तर सोबत ईमेलही जोडा. नाहीतर पिन विसरल्यावर सात दिवस थांबावं लागतं.

पैशांचं मात्र वेगळं. मी नॉमिनीचा विषय काढला तर बाबा म्हणाले, “पिन तं तुया मायले मालूम हाये नं.” बहुतेक घरांत हेच उत्तर मिळतं. पण यूपीआय पिन सांगून ठेवणं हा बॅकअप नाही. माणूस गेल्यावर त्याच्या फोनवरून पैसे काढणं कायद्यात बसत नाही, आणि भाऊबंदकीत तेच भांडणाचं मूळ होतं. बाबा आयसीयूत असतील तर नॉमिनीचाही उपयोग नाही. तेव्हा कामाला येतं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं जोडखातं, कारण त्यातून आई स्वतःच्या सहीने पैसे काढू शकते. नॉमिनी तर लावाच. १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत लावता येतात.

फोटो, मेल यांच्यासाठी गुगलचा ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. तुम्ही ३ ते १८ महिन्यांची जी मुदत ठरवाल, तेवढे दिवस खातं गप्प राहिलं की तुम्ही निवडलेल्या माणसांना त्यातला डेटा मिळतो, जास्तीत जास्त १० जणांना. आयफोनवाल्यांना ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे, पण त्यात साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत.

कोड उतरवून झाले की दुसऱ्या कुणाच्या फोनवर, कागदात बघून, स्वतःचं गुगल खातं एकदा उघडून पाहा आणि लगेच लॉगआउट करा. एक कोड खर्च होईल, नऊ उरतील.