बागेत फुलपाखरं हवीत? आधी सुरवंटांना जेवू घाला! 🦋

नुसती फुलझाडं लावून फुलपाखरं टिकत नाहीत. मादी ठरावीक झाडांवरच अंडी घालते, कारण सुरवंटांना त्याच झाडांची पानं चालतात. सोसायटीच्या किंवा पालिकेच्या बागेत श्रमदान करत असाल, तर ही यादी ठेवा:

🌿 रुई – प्लेन टायगर
🌿 बहावा – कॉमन एमिग्रंट
🌿 पानफुटी – रेड पिएरो
🌿 लिंबू, कढीपत्ता – कॉमन मॉरमॉन

2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनचे सुरवंटही लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात.

श्रमदानात एवढं पाळा:
✅ आधी उद्यान विभागाची किंवा सोसायटीची परवानगी घ्या.
✅ घाणेरी मुळासकट काढा. नुसती छाटली तर पुन्हा फुटते.
✅ पालापाचोळा जाळू नका, झाडांच्या बुंध्याशी पसरा. त्यात किडे राहतात आणि किड्यांवर पक्षी जगतात.
❌ कीटकनाशक फवारू नका. कुरतडलेली पानं दिसली तर आनंद माना.

माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळच्या कचराभूमीवर उभं आहे. तिथे रान उभं राहू शकतं, तर आपल्या बागेत का नाही?

पावसाळ्यापूर्वी शेजाऱ्यांना गोळा करा आणि निदान एक रोप लावाच. तुमच्या बागेत कोणती फुलपाखरं दिसतात, तेही जरूर कळवा!