भिंतीतील ओल, स्लॅबमधील गंज
घरे व दुकाने यांतील आरोग्यघातक दोषांची तपासणी आणि उपचार

दहिसर स्थानक मागे पडले की पश्चिम रेल्वेची गाडी खाजण आणि मिठागरांच्या कडेने मीरा रोड स्थानकात येते. स्थानकाच्या पूर्वेस शांती नगर ही वसाहत पसरलेली आहे. मुंबईत घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, अशा हजारो मध्यमवर्गीय व कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबांनी १९८० नंतरच्या दशकात येथे आपला संसार थाटला. मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. शहर वाढले, परंतु त्याच्या पहिल्या पिढीच्या इमारती आता वयस्कर झाल्या आहेत. सेक्टरवार उभ्या असलेल्या, बव्हंशी चार मजली इमारतींनी तिशी ओलांडली असून काही चाळिशीच्या घरात आहेत. खाडीवरून येणारा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि रोजच्या वापरातील पाणी या तिन्हींचा परिणाम त्यांच्या भिंती-स्लॅबवर सतत होत आला आहे.

अशा घरांतून आढळणाऱ्या दोषांकडे आपण बहुधा शोभेचा प्रश्न म्हणून पाहतो. पोपडे आले, रंग काढला. डाग पडला, डिस्टेंपर मारले. वस्तुतः डाग हे लक्षण आहे, रोग नव्हे. आणि रोगाचे निदान झाल्यावाचून केलेला खर्च पुढील पावसाळ्यात वाहून जातो, हा जवळजवळ प्रत्येक सोसायटीचा अनुभव आहे.

ओल कोठून येते?

भिंतीवरील ओल तीन मार्गांनी येऊ शकते : बाहेरून पावसाचे पाणी झिरपून, वरच्या मजल्यावरील न्हाणीघर किंवा संडास यांतून गळून, अथवा खोलीतील दमट हवेचे थंड भिंतीवर दव साचून. तिन्हींचे उपचार निरनिराळे असल्याने प्रथम मार्ग शोधला पाहिजे. याकरिता एक सोपी चाचणी कोणासही करता येते. सुमारे एक फूट चौरस आकाराचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात व एक-दोन दिवस वाट पाहावी. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडील पृष्ठभागावर आले तर दोष दमट हवेचा व अपुऱ्या वायुवीजनाचा. भिंतीकडील बाजूस आले तर ओल भिंतीतूनच येत आहे असे समजावे. वरच्या मजल्याचा संशय असल्यास तेथील नहाणी ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतून खालच्या छतावर रंग उतरतो का ते पाहतात. गच्चीसाठी पाणी जाण्याची तोंडे बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवण्याची रीत आहे. मात्र जुन्या गच्चीवर असे पाणी भरण्यापूर्वी तिला तो भार पेलवेल का, हे अभियंत्यास विचारून घ्यावे.

या तपासणीचे एक सामाजिक अंगही आहे. वरच्या मजल्यावरील सदस्य दोष मान्य करीत नाही, खालचा सदस्य देखभाल शुल्क थांबवितो आणि गळती वर्षानुवर्षे चालू राहते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची तसेच बाहेरील सामाईक नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या यांची गळती थांबविण्याचा खर्च संस्थेचा असतो, तर सदनिकेच्या आतील दोष सदस्याने दूर करावयाचा असतो. रंगीत पाण्याची चाचणी दोन्ही सदस्यांच्या समक्ष केली आणि तिची नोंद घेतली, तर निम्मे भांडण तेथेच मिटते.

ओलीपाठोपाठ बुरशी येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दमट व बुरशीयुक्त घरांतील रहिवाशांमध्ये दमा आणि श्वसनाचे इतर विकार अधिक आढळतात, असे नमूद केले आहे. लहान मुले व वृद्ध यांना हा त्रास विशेष होतो. बुरशीवर रंग मारणे हा उपचार नव्हे. पाण्याचा मार्ग बंद करणे, भिंत वाळू देणे आणि मगच साबणाच्या पाण्याने ती जागा पुसून काढणे हा योग्य क्रम होय. नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, कोरड्या झाडूने बुरशी झाडू नये, आणि ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

स्लॅबमधील सळईचे दुखणे

याहून गंभीर भाग काँक्रीटच्या आत घडतो. नव्या काँक्रीटमधील चुनखडीयुक्त द्रव्यामुळे आतील वातावरण तीव्र अल्कधर्मी असते व त्या योगे लोखंडी सळई गंजापासून सुरक्षित राहते. कालांतराने हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून ही अल्कता नष्ट करतो. समुद्रकाठी क्षारांची त्यात भर पडते. संरक्षण गेले की ओलीच्या साहाय्याने सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने सळई फुगते, तिला समांतर तडा जातो आणि छताचा तुकडा खाली येतो. छतावर सरळ रेषेत गेलेला तपकिरी तडा दिसला की गवंड्याला नव्हे, अभियंत्याला बोलवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : १९७८ च्या भारतीय मानकानुसार प्रबलित काँक्रीटसाठी एम-१५ हा दर्जाही मान्य होता, २००० च्या सुधारित मानकाने किमान एम-२० दर्जा ठरविला. म्हणजे त्या काळी नियमानुसार बांधलेली इमारतही आजच्या मापाने दुबळी असू शकते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ अन्वये तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मालक किंवा भोगवटादार यांच्यावर बंधनकारक आहे. आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतींसाठी पाच वर्षांतून एकदा व त्यापुढे तीन वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी तपासणी म्हणजे अभियंत्याची एक फेरी व दोन पानांचे प्रमाणपत्र असे स्वरूप तिला येते. खऱ्या तपासणीत कोणत्या चाचण्या असतात, हे कार्यकारिणीच्या सदस्यांना ठाऊक असले पाहिजे.

रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. ध्वनिलहरींच्या चाचणीत लहरी काँक्रीटमधून सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून अधिक वेगाने गेल्या तर दर्जा चांगला, तीनहून कमी वेगाने गेल्या तर संशयास्पद मानतात. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडल्यास अल्कता शिल्लक असलेला भाग गुलाबी होतो व ती गमावलेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन थर सळईपर्यंत पोहोचला आहे की नाही, हे तेथे उभ्या असलेल्या सामान्य रहिवाशालाही डोळ्यांनी दिसते. ‘हाफ सेल’ चाचणीत सळईचे विद्युत विभव मोजतात. ते उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असल्यास गंज चालू असण्याची शक्यता फार मोठी असते. जेथे शंका उरते तेथे काँक्रीटचा दंडगोल कापून तो प्रयोगशाळेत दाबून पाहतात. तपासणी करणाऱ्या व्यक्तीकडेच दुरुस्तीचे कंत्राट देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तपासणीनंतर इमारतीचा वर्ग ठरतो : सी-१ म्हणजे अतिधोकादायक व तात्काळ रिकामी करण्याजोगी, सी-२-अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-२-ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येणारी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. पुनर्विकासाच्या आशेने वरचा वर्ग मिळविण्याचा आणि घर सोडावे लागेल या भीतीने खालचा वर्ग मिळविण्याचा, असे दोन्ही मोह रहिवाशांना होतात. भिवंडीतील जिलानी इमारत १९८४ च्या सुमारास बांधलेली होती. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, रहिवासी झोपेत असताना ती कोसळली आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शांती नगरच्या कित्येक इमारती त्याच दशकातील आहेत.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी गळती बंद करावी, नंतर स्लॅबला टेकू द्यावेत, मग सैल काँक्रीट फोडावे. सळईवरील गंज पूर्ण घासून गंजरोधक लेप द्यावा, बारीक झालेल्या सळईस नवी जोडावी व पॉलिमरमिश्रित मसाल्याने भाग भरावा. टेकू न देता फोडकाम सुरू करणे जिवावर बेतू शकते.

टाकी, गीझर आणि पत्रा

जमिनीखालील पाण्याची टाकी बहुतेक इमारतींत सांडपाण्याच्या वाहिनीपासून फार दूर नसते. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असल्यास मधल्या काळात रिकाम्या नळात बाहेरची घाण ओढली जाते. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याशी संबंध असलेल्या वाचकांना ओ.टी. चाचणी परिचित आहे. तीच शहरातील टाकीलाही लागू पडते. नळाच्या टोकाशी प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन आढळला पाहिजे. टाकी घासून झाल्यावर तिच्या निर्जंतुकीकरणासाठी दर हजार लिटर पाण्यास ३३ टक्के क्लोरीन असलेली सुमारे १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून काही तास ठेवावे व ते पाणी सोडून द्यावे. उघडी राहिलेली पावडर निकामी होते, हे भांडारपालांनी विसरू नये. बंद टाकीत माणूस एकटा उतरवू नये. झाकणे आधी पुरेसा वेळ उघडी ठेवून हवा खेळती करावी.

खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर लावणे थेट प्राणघातक आहे. अपुऱ्या हवेत ज्वलन झाल्याने निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक सहज जुळतो. त्याला वास नाही, रंग नाही. असा गीझर न्हाणीघराबाहेर हवेशीर जागी बसवून नळाने पाणी आत न्यावे.

रंगातील शिशाबाबत केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनी दशलक्षात ९० भाग ही मर्यादा घातली असून ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वीचे तैलरंगाचे थर शाळांच्या दारे-खिडक्यांवर असू शकतात. ते कोरडे खरवडू नयेत, पाणी मारून काढावेत. काम चालू असता वर्ग दुसरीकडे भरवावा आणि खाली पडलेला चुरा मैदानात न झाडता पिशवीत बांधावा. भाईंदरमधील औद्योगिक गाळे व ग्रामीण भागातील शाळा यांवर दिसणारे सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. शाबूत पत्रा सहसा निरुपद्रवी असतो. तो करवतीने कापला, भोके पाडली किंवा हातोडीने फोडला म्हणजे त्याचे सूक्ष्म तंतू हवेत मिसळतात आणि फुफ्फुसात रुतून बसतात. म्हणून बदलावयाचा पत्रा ओला करून, बोल्ट सोडवून, अखंड उतरवावा.