१६० किलोमीटर घोडा पळवला, तरी निकाल त्याची नाडी लावते! काय आहे हा खेळ आणि त्यात माणसं का घटतायत?

आषाढात तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर करत श्रीपूरवरून बोरगावला जाते. पालखीसोबतचे अश्व बघायला रस्त्याच्या दोन्ही कडेला गर्दी असते. दिवाळीच्या सुमारास हीच गर्दी अकलूजच्या घोडेबाजारात दिसते. त्यामुळे या भागात घोड्याची हौस कमी झालीय, असं कुणी म्हणू शकत नाही.

पण बाजारात भाव कशावर ठरतो बघा. उंची, रंग, देवमणासारखे शुभ भोवरे, रेवाल चाल आणि हलगीवर नाचतो का नाही. "हा दिवसभरात किती लांब जाईल?" हा प्रश्न क्वचितच कानावर पडतो.

जगात मात्र याच प्रश्नावर एक अख्खा खेळ उभा आहे. एन्ड्युरन्स रायडिंग.

मोठ्या स्पर्धेत एका दिवसात १६० किलोमीटर जायचं असतं. अंतराचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याला पशुवैद्य थांबलेले असतात. निवांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण ३० ते ४० असतात. धावून आल्यावर ते ठरलेल्या मिनिटांत ६४ वर यायला हवेत. घोडा लंगडत असेल किंवा अंगातलं पाणी कमी झालेलं असेल, तर तिथंच बाद. शेवटची रेषा ओलांडल्यावरही तपासणी होते. तिथं नापास झालात तर १६० किलोमीटर पाण्यात!

केरळच्या निदा अंजुम चेलाट हिनं २०२३ मध्ये फ्रान्समध्ये युवा जागतिक स्पर्धेतलं १२० किलोमीटरचं अंतर पूर्ण केलं, तर २०२४ मध्ये वरिष्ठ गटातलं १६० किलोमीटरचं. दोन्हीकडे ती पहिली भारतीय ठरली.

पण या खेळात उतरणारे कमी होतायत. अमेरिकेत १९५५ पासून टेविस कप नावाची १०० मैलांची स्पर्धा होते. २४ तासांत डोंगर पार करायचे. तिथंही लांब पल्ल्याच्या स्वारांच्या संघटनेची सदस्यसंख्या गेल्या काही वर्षांत घसरत आलीय. कारण सरळ आहे. असा घोडा तयार करायला दोन-तीन वर्षं लागतात, रोजचे दोन तास जातात, आणि नुसता पैसा ओतून घोड्याचा दम वाढत नाही. त्यात आखाती देशांतल्या सपाट वाळूवर वेगाच्या नादात घोडे दगावले आणि खेळाचं नाव खराब झालं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले ते त्यामुळंच.

आपल्याकडची अडचण अजून वेगळी. सराव करायचा तर थंडीचे महिने बरे. पण श्रीपूरला साखर कारखाना आहे आणि थंडीत गाळप हंगाम असतो. डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. डांबरानं घोड्याचे खूर आणि सांधे आधीच दुखावतात, त्यात मागून ट्रॅक्टरचा स्पीकर. घोडा बुजणार नाही तर काय?

मग लोक हे करतात कशासाठी? बक्षिसाचा मोह म्हणावा, तर टेविसमध्ये पहिल्या नंबरालाही रोख रक्कम मिळत नाही. वेळेत आणि धडधाकट घोड्यासह पोचलेल्या प्रत्येकाला मात्र चांदीचं बक्कल मिळतं. शिवाय पहिल्या दहांत जो घोडा सगळ्यात ताजातवाना, त्याला वेगळा मानाचा चषक. म्हणजे स्वार किती शूर यापेक्षा त्याला आपला घोडा किती कळतो, हे बघितलं जातं. कुठं उतरून स्वतः पायी चालायचं, कुठं पाणी पाजायचं, हे ज्याला कळतं तो पोचतो.

आणि गंमत म्हणजे ही विद्या आपल्याला नवी नाही. राज्यगीतातली भीमथडीची तट्टं याच भीमेच्या काठची. मराठ्यांच्या फौजा त्यांच्यावर लांबलांबच्या मजला मारायच्या. नंतर धनगरांच्या वाड्यांनी ही जात टिकवली. मेंढरांमागं महिनोन् महिने चालताना अख्खा संसार याच घोड्याच्या पाठीवर असतो. आता भीमथडीची देशातली स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झालीय. अंगानं लहान, दिसायला साधं. घोडेबाजारात त्याच्यासोबत सेल्फी काढायला मात्र कुणी रांग लावत नाही.