चार भागांचा रिचर्ड प्रायर

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष पत्रकार परिषद घेत आहेत. राष्ट्राध्यक्ष काळे आहेत. आरंभी ते मोजूनमापून, अदबीने उत्तरे देतात. मग जीभ मोकळी होत जाते. अवकाशात काळी माणसे का जात नाहीत, फुटबॉल संघांचे प्रशिक्षक काळे का नसतात, यावर ते बोलू लागतात. गोऱ्या वार्ताहरांच्या कपाळावर आठ्या पडतात. शेवटी एकजण उठून विचारतो, तुमची आई मोलकरीण होती ना, मग तुमची मुदत संपल्यावर ती माझ्या घरी साफसफाईला येईल का? झाले! राष्ट्राध्यक्ष त्याच्या अंगावर धावून जातात आणि सभेची हाणामारी होते.

ज्यांच्या आया दुसऱ्यांची धुणीभांडी करून घरी आल्या, त्यांना हा विनोद समजावून सांगायला नको.

हा प्रसंग 'दि रिचर्ड प्रायर शो' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतला. 13 सप्टेंबर 1977 रोजी एन.बी.सी.वर ती सुरू झाली आणि चार भागांत आटोपली. करार दहा भागांचा होता.

रिचर्ड प्रायर 1940 साली इलिनॉय राज्यातील पिओरिया गावी जन्मला. आजी कुंटणखाना चालवी, तिनेच त्याला वाढवले. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. रंगमंचावर एकट्याने उभे राहून लोकांना हसवण्याचा धंदा त्याने धरला. पण आरंभी तो गोऱ्यांना रुचेल असा गुळमुळीत विनोद करी. पैसा बरा मिळे. 1967 साली लास व्हेगासच्या रंगमंचावर ऐन कार्यक्रमात तो थांबला आणि सरळ निघून गेला. त्यानंतर त्याने आपल्या गल्लीतली माणसे, त्यांच्या बोलीसकट, रंगमंचावर आणली. आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या जलशांनी भटजी-सावकारांची टर वस्तीच्या भाषेतच उडवली होती, त्याची इथे आठवण होते.

अशा माणसाला वाहिनीने रात्री आठची, मुलाबाळांसह पाहण्याची वेळ दिली! समोर दुसऱ्या वाहिनीवर 'हॅपी डेज' ही अतिशय लोकप्रिय मालिका. पहिल्या भागाच्या आरंभी प्रायर सांगतो, मी इथे येताना काहीच गमावलेले नाही. कॅमेरा मागे सरकतो, तर तो उघडा दिसतो (प्रत्यक्षात अंगाला घट्ट पोशाख होता) आणि पुरुषत्वाची खूण गायब! वाहिनीच्या तपासनिसांनी नेमका हाच तुकडा कापला. त्यांनी कापून प्रायरचेच म्हणणे खरे केले, असे आम्हाला वाटते.

मालिका बंद पडली, प्रायर नाही. 1979 साली तो केनियाला गेला. नैरोबीच्या हॉटेलात सगळीकडे काळीच माणसे. मालक, नोकर, पाहुणे. काळ्यांसाठी गोऱ्यांनी वापरलेली ती घाणेरडी शिवी तो स्वतः वर्षानुवर्षे विनोदात वापरत आला होता. ती लागू पडेल असा एकही माणूस तिथे त्याला दिसेना. पुढे तो शब्द सोडल्याचे त्याने रंगमंचावरूनच सांगितले. 1956 साली नागपुरात आपल्या आजी-आजोबांनीही एक जुने नाव असेच उतरवून ठेवले होते.

1998 साली मार्क ट्वेन पारितोषिकाचा पहिला मान त्याला मिळाला, तेव्हा शरीर आजाराने खिळखिळे झाले होते. 10 डिसेंबर 2005 रोजी तो वारला. बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी बसले ते 2009 च्या जानेवारीत.